मास्टर, मी कारखाना विकला

मास्टर, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि तुमची उर्दू मला कधी वाचता आली नाही. तरी नांदेडच्या इतवाऱ्यातल्या त्या अरुंद दुकानात आपलं सगळं बोलणं नीट चालायचं. गिऱ्हाईक मराठीत माप सांगायचं, तुम्ही कापडावर खडूनं उर्दूत आकडे लिहायचे, आणि मी कात्री धरून विचारायची, "मास्टर, हा सात की आठ?" तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणायचे, "अंधी है क्या पोट्टी?" आज तिथं मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. मागच्या आठवड्यात त्या गल्लीतून गेले, उगाच एक कव्हर घेतलं, आणि तेवढ्या वेळात आत कुठं तुमची मशीन होती, कुठं माझी चटई होती, ते बघून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, अजून काही?" मी म्हटलं, न्हाई बाबा. मग घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले. सांगायचं पुष्कळ साठलंय आणि ज्यांना सांगावं ती माणसं आसपास उरली नाहीत.

तुम्हाला माझी आई आठवत असेल. लोह्याकडच्या आमच्या गावातून आम्ही नांदेडला आलो ते बाबांना कापडगिरणीत काम लागलं म्हणून. गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावी नापास होऊन घरात बसले होते. आई माझा दंड धरून तुमच्या दुकानात घेऊन आली. "मास्टर, हिला शिकवा. घरी बसून नुसतं डोकं खाऊन राहिली," ती म्हणाली. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. म्हणालात, "नाखून काट के आना कल से." एवढीच माझी भरती. आमच्या वस्तीतल्या दोघातिघांनी आईला विचारलं होतं, पोरगी मुसलमानाच्या दुकानात कशी पाठवती म्हणून. आई म्हणाली, तिथं तिला कुणी जात विचारत न्हाई, काज-बटण येतं का एवढंच विचारतात. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

तुमचं रागावणं आठवतं. शाळेच्या पोराची एक हाफपँट मी शिवली होती, अगदी मापाबरहुकूम, टीप सरळ, मी खूश. तुम्ही ती उलटी करून बघितली आणि माझ्या अंगावर फेकली. "इस का बाप हर साल नया कपडा लेगा क्या? पोरगं वाढणार न्हाई? आत कापड दुमडून ठेव, उद्या उसवून वाढवता येईल एवढं." मी ती सगळी उसवली, रडत रडत. तुम्ही चहा मागवलात आणि माझ्यासमोर ठेवलात. तुमचा राग नेहमी चहापाशी येऊन संपायचा. पुढं कारखान्यात दिवसाला पोत्यांनी गणवेश शिवून बाहेर पडायचे तेव्हाही आत दुमडलेलं कापड मी कधी कमी होऊ दिलं नाही. हिशेब बघणारे हसायचे माझ्यावर.

आणि तो उन्हाळा. तुमचा थोरला कावीळ होऊन गेला. ऐन लग्नसराई होती. मला वाटलं दुकान महिनाभर तरी उघडत नाही. पण तिसऱ्या दिवसाची जियारत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मशीनवर बसलेले. कुणाच्या तरी मुलाची शेरवानी अर्धवट राहिली होती. नवऱ्या मुलाचा बाप स्वतः आला, हात जोडून म्हणाला, "मास्टर, राहू द्या, आम्ही रेडिमेड घेऊ." तुम्ही म्हणालात, "तारीख तुम्हारी है, काम मेरा है. शाम को आओ." मी चहा आणला तर म्हणालात, "शक्कर कम है." मला तुमचा इतका राग आला, मास्टर. वाटलं, हा माणूस आहे का दगड? पोटचं पोर मातीत घालून आलाय आणि ह्याला साखर कमी लागून राहिली. मग तुम्ही बाही जोडली. उलटी जोडली. स्वतःच उसवली, पुन्हा जोडली, पुन्हा उलटी. तुमच्या हातून असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा तुम्ही सुई हातात धरून नुसते बसून राहिलात. मी कापड तुमच्या हातातून घेतलं, बाही लावली, काजं केली. संध्याकाळी नवऱ्या मुलाचा बाप शेरवानी घेऊन गेला आणि तुम्ही त्याला म्हणालात, "मुबारक हो." आवाज अगदी नेहमीसारखा. तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांची पोर. दुःखात माणूस आडवा पडतो एवढंच मला माहीत होतं.

त्यानंतर तुमची नजर अधू झाली. सुईत दोरा मीच ओवायची. एक दिवस तुम्ही नवा पायजमा घालून आलात आणि म्हणालात, चल. मला घेऊन त्या शाळेत गेलात, जिचे गणवेश तुम्ही वर्षानुवर्षं शिवत होतात. हेडमास्तरांना म्हणालात, "सर, आता ही शिवणार. माझीच मुलगी आहे." तुमचा पुतण्या बाहेर गाल फुगवून उभा होता, कारण ते काम त्याला हवं होतं. परत येताना मी म्हटलं, मास्टर, घरच्या माणसाला सोडून मला कशाला? तुम्ही रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत राहिलात. त्या एका शाळेवर माझं सगळं उभं राहिलं. ते बघायला तुम्ही राहिला नाहीत. बायका जनाज्यात जात नाहीत, म्हणून तुम्हाला नेलं तेव्हा मी समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर उभी होते. पुतण्यानं मला पाहिलं आणि खांदेकऱ्यांना क्षणभर थांबवलं. त्याचं हे मी विसरले नाही. पुढं तो माझ्याकडं कटिंग मास्टर म्हणून राहिला, रिटायर होईपर्यंत.

मग काय काय झालं ते थोडक्यात सांगते. एका शाळेच्या दोन झाल्या, मग तालुके झाले. घराच्या पत्र्याखाली मशिनी मावेनात म्हणून एमआयडीसीत शेड घेतलं. शेडचा कारखाना झाला. मधे लग्न झालं होतं; माझे मालक एसटीत कंडक्टर होते, त्यांनी नोकरी सोडली नाही. म्हणायचे, तुझं बुडालं तर माझा पगार आहे. बुडालं नाही. बंगला झाला, मोठी गाडी झाली, ज्या बँकेत मला कर्जाच्या फॉर्मवर अंगठा घ्यायचा की सही असं विचारलं होतं तिथले साहेब दिवाळीला मिठाई घेऊन यायला लागले. खोटं कशाला बोलू, मला पैसा आवडायचा. कारखान्याच्या गेटमधून गाडी आत जाताना आवडायचा. आईच्या हातात सोन्याच्या पाटल्या घातल्या तेव्हा तर फार आवडला. "एवढं जड काढून ठेवू का झोपताना?" ती विचारायची. दोन लेकरं झाली, आधी मुलगी, मग मुलगा. मुलगा मोठा होताच कारखान्यात आला, माझ्यापेक्षा हुशार निघाला. मुलगी लातूरला शिकायला गेली आणि तिथंच रमली. तिथल्या कॉलेजात शिकवायला लागली. भाड्याच्या खोलीत राहायची, आपल्या पगारात. मी म्हणायची, अगं तुझ्या आईचा एवढा कारभार, फ्लॅट घेऊन देते. ती म्हणायची, "आई, माझी खोली झाडायला पाच मिनिटं लागतात. तुझा बंगला झाडायला तीन बायका लागतात. सुखी कोण?" आणि हसायची.

तिला रक्ताचा कर्करोग झाला, मास्टर.

मुंबईला नेलं. सगळ्यात मोठा डॉक्टर, सगळ्यात महाग खोली. पैशानं जे आणता येतं ते सगळं आणलं. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, पुढचे उपचार लातूरलाही होतील. तिलाच परत यायचं होतं, तिच्या गावात, तिच्या विद्यार्थ्यांजवळ. आम्ही लातूरच्या दवाखान्यात आलो. तिला वेगळी खोली, मला शेजारी पलंग. पण ती थोडी बरी असली की म्हणायची, आई, बाहेर व्हरांड्यात बसू. तिथं लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातली बाई भेटली. तिची मुलगी सात-आठ वर्षांची, डोक्यावरचे केस गेलेले, हाच आजार. माझ्या मुलीची आणि त्या चिमुरडीची गट्टी जमली. दोघी टकल्या डोक्यांवर ओढण्या बांधून गोष्टी सांगत बसायच्या. बाई मला भाकरी द्यायची. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली तीन विटा मांडून ती भाकरी थापायची, तिथंच मायलेकी झोपायच्या. मी म्हटलं, अगं थंडी आहे. ती म्हणाली, "हाव ताई, लई गार लागतं. पोरीला मधी घेते, माझी पाठ बाहेर."

मी तिला म्हटलं, पैसे देते, लॉजवर राहा. दोन दिवस राहिली आणि पुन्हा पत्र्याखाली आली. लॉजवाल्यानं पोरीचं डोकं पाहून खोली सोडायला लावली होती. रोगाला भितात ना लोक. मी दुसरीकडं बोलून ठेवलं, गाडी पाठवते म्हटलं. ज्या दिवशी माझ्या मुलीला रक्त चढवायचं होतं त्याच दिवशी ती बाई पोरीला घेऊन निघून गेली. नर्सला एवढंच सांगून गेली, "औषध फुकट हाय मॅडम, पर ऱ्हावं कुठं? घरी धाकटी दोन वाट बघून राहिलीत." पोरीचे अर्धेच उपचार झाले होते. माझ्या मुलीनं ड्रायव्हरला त्यांच्या गावी पाठवलं. रस्ता विचारत विचारत तो पोचला तेव्हा पोरगी जाऊन चार-पाच दिवस झाले होते. ड्रायव्हर परत येऊन दारात उभा राहिला आणि त्याच्या तोंडावरून माझ्या मुलीनं ओळखलं. ती भिंतीकडं वळली. मग म्हणाली, "आई, तिला औषध होतं, डॉक्टर होते. एक खोली नव्हती फक्त."

माझी मुलगी त्यानंतर उन्हाळा आणि पावसाळाभर होती. एका दुपारी, मी तिच्या पायांना तेल चोळत असताना गेली. पाय माझ्या मांडीवर होते. तेल कोमट होतं. नर्स आली, तिनं माझा हात धरून थांबवला, तेव्हा मला कळलं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्धांतल्या दिवसकार्याला, सगळी वस्ती आली, कारखान्यातल्या बायका आल्या, तिचे विद्यार्थी लातूरहून गाड्या करून आले. सगळे गेल्यावर मी कारखान्यात जायला लागले. तुमच्यासारखीच बसायची खुर्चीवर. आणि माझीही बाही उलटीच लागायची, मास्टर. सहीच्या जागी तारीख लिहायची, तारखेच्या जागी तिचं नाव. गणवेशांचे ढीग बघितले की वाटायचं, एवढी लेकरं आहेत जगात, वाढणारी, कपडे तोकडे होणारी. एक दिवस घरी येऊन मी स्वयंपाकघरात मालकांना आणि मुलाला सांगितलं, कारखाना विकायचा. लातूरला दवाखान्याजवळ घर बांधायचं, पेशंटच्या माणसांना राहायला. एकदा बांधून भागणार नाही, ते कायम चालायला पाहिजे, म्हणून सगळंच घालायचं.

मुलगा जेवत होता. त्यानं हात ताटातच ठेवला. "देणगी दे ना आई. दरवर्षी दे. विकायचं कशाला?"

"दरवर्षी दिलं की दरवर्षी कमी होत जातं. मला माहीत आहे धंदा. एक साल वाईट गेलं की आधी तेच बंद होईल."

"मी ह्यात बारा तास राबून राहिलो. मला विचारलंस का?"

मी म्हटलं, तुझा वाटा तुला देते, बंगला तुझ्या नावावर करते. तो उठला. बेसिनपाशी हात धुताना पाठमोराच म्हणाला, "ताई गेली म्हणून मी पण गेलो का, आई?"

मालक म्हणाले, तुझं तू ठरव, पण पोराशी भांडू नको. मी भांडले नाही. फक्त विकला. सोलापूरचा व्यापारी मिळाला. बायकांना कामावरून काढायचं नाही ही अट त्यानं मान्य केली आणि बऱ्यापैकी पाळली. शेवटच्या दिवशी बायका गेटपाशी ओळीनं उभ्या होत्या. कुणी रडलं, कुणी माझ्याकडं बघितलंच नाही. मुलानं वाटा घेतला नाही. बंगल्याच्या कागदांवर सही केली नाही. पुण्याला एका कंपनीत नोकरी धरली. बापाला रोज फोन करतो, बीपीची गोळी घेतली का विचारतो. माझ्याशी बोलतो ते पाहुण्यासारखं. बरी आहेस का, बरा आहे, ठेवतो.

लातूरचं घर उभं राहिलं. आधी मी मोठा भटारखाना ठेवला होता, दोन वेळचं जेवण सगळ्यांना. लोक ताट घ्यायचे, खाली मान घालून जेवायचे. औश्याची एक बाई एकदा ताट तसंच परत घेऊन आली. "ताई, राग मानू नका. लेकराला तोंडाला चव न्हाई, माझ्या हातचं असलं तर दोन घास खातंय. जरा गॅस द्या की आमाला." मग भटारखाना मोडला आणि प्रत्येक खोलीत ओटा बांधला, शेगडी दिली, डब्यात पीठ-डाळ ठेवायला लागले. आता संध्याकाळी जिन्यावर उभं राहिलं की एका दारातून पिठल्याचा वास येतो, एकातून खिमट, एकातून कुणाची तरी फोडणी करपलेली. निलंग्याची एक आजी नातवाशी कानडीत बोलत बोलत भात कालवते. मी अर्धा आठवडा तिथं असते. नांदेडहून एसटीनं येते, गाडी विकली. सत्काराला बोलावतात. एकदा गेले. स्टेजवर माझ्याबद्दल जे बोलत होते त्यात माझ्या मुलीच्या मरणाला 'प्रेरणा' म्हणाले. त्यानंतर कुठं गेले नाही.

मागच्या उन्हाळ्यात चौकीदार म्हणाला, पुण्याची गाडी आली होती, साहेब होते, समोर झाडाखाली थांबून बघत होते. मी म्हटलं, आत नाही आले? "म्हटलं मी, साहेब या की. न्हाई म्हणाले. सोबत लहान मुलगी होती. तिला बोट करून काहीतरी दाखवत होते, मग गेले." तो माझा मुलगा होता, आणि ती माझी नात. ती घरभर चालते, बोलते, हे मला मोबाइलवरच्या व्हिडिओत माहीत आहे. मी त्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. तिथून दारावरची पाटी दिसते, तिच्यावर माझ्या मुलीचं नाव आहे. तो बहिणीचं नाव दाखवायला आला असेल असं मी मनाला सांगते. त्याला विचारलेलं नाही.

लोकांना वाटतं मला ह्या घरात शांती मिळाली. तसं छापूनही आलंय. तुम्हाला मात्र खरं सांगते. परवा उदगीरकडची एक मुलगी बरी होऊन घरी गेली. किती तरी महिने होती आमच्याकडं. केस पुन्हा उगवलेले, दाट, कुरळे. डॉक्टरांनी सांगितलं, आता फक्त तपासायला आणा. तिची आई पेढे घेऊन आली, माझ्या पायांवर डोकं ठेवलं, रडली, हसली. मुलीनं मला घट्ट मिठी मारली. सगळे बघत होते. मी पेढा न खाता पदरात बांधून ठेवला. मालकांसाठी नेते असं सगळ्यांना वाटलं. तसं नव्हतं, मास्टर. त्या बाईकडं बघून माझ्या मनात आलं, तुझी का? माझी का नाही? तिच्या पोरीचे ते केस मला बघवेनात. दरवेळी असंच होतं. कुणी बरं होऊन निघालं की मी दारापर्यंत सोडायला जाते, ओटी भरते, रिक्षा थांबवून देते, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहते. त्या दिवशीही राहिले. थोड्या वेळानं बाहेर आले तर त्यांची खोली रिकामी होती. चादर बदलली, कारण संध्याकाळी आमच्याच लोह्याहून कुणीतरी येणार होतं.